लेकीला गहू चालत नाही: शहापूरहून मुरबाडकडे दोन दिवस

रोहिणीला घरी घेऊन यायचं, असं ठरवूनच मी शहापूरहून निघाले. रोहिणी माझी एकुलती लेक. मुरबाड तालुक्यात, धसईच्या रस्त्यावरच्या एका गावात दिली आहे. गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात तिचं पोट बिघडलं ते बिघडलंच. शिमग्याच्या सुमारास कल्याणच्या डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं, हिला ग्लूटेन सोसत नाही; गहू, मैदा, रवा, जव कायमचं बंद. आठ महिने झाले बंद करून, तरी परवाचा रिपोर्ट होता तसाच. डॉक्टर म्हणाले, कुठून तरी गहू पोटात जातोय. असंच चाललं तर अंग भरणार नाही आणि बाळाचा विचारही करायचा नाही.

कुठून तरी म्हणजे कुठून? माझ्या मते सासूच्या हातून. दुसरं कोण घालणार?

मार्गशीर्षातला गुरुवार उरकून शुक्रवारी सकाळची किन्हवलीवरून मुरबाडला जाणारी एसटी धरली. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे खासगी गाडीच्या नादी लागू नका. पिशवीत दोन लुगडी, पोथी, तांदळाच्या चार भाकऱ्या आणि मेतकुटाची ताजी बरणी. दर महिन्याला कुणा ना कुणाच्या हाती मी ती पाठवतेच. लहानपणापासून रोहिणी आजारी पडली की मऊ भात आणि मेतकूट, हेच आमचं औषध.

भातं कापून झालेली. दोन्ही बाजूंना नुसता सड आणि मधे मधे पेंढ्याच्या उडव्या. धुकं वर उठलं नव्हतं. शेजारी डोळखांबकडची एक म्हातारी बसली होती. तिनं विचारलं, "कुठं चाललाव?"

"लेकीकडं. तिला गहू चालत नाही, आजारी आहे."

"ह्यो काय आजार झाला गो? आमच्याकडं गहू खातो कोण? नाचनी खायाची नि गप ऱ्हायाचं."

पुढच्या बाकावरचे दोघे हसले. मला हसू आलं नाही.

मुरबाड स्टँडवर उतरल्यावर, तुमच्यापैकी कुणाला गहू वर्ज्य असेल तर एवढं ध्यानात ठेवा. वडा बेसनाचा, म्हणून खाऊ नका. त्याच तेलात समोसे तळतात. मिसळीचा पाव सोडला तरी तर्रीत काय घातलंय ते विचारा. उपमा, शेवया, टोस्ट, खारी, चहासोबतचं बिस्कीट, सगळं बंद. साबुदाण्याची खिचडी, उकडलेली अंडी, केळी, भाजलेले शेंगदाणे चालतात. सगळ्यात बरं म्हणजे घरची भाकरी बांधून न्यावी. पैसेही वाचतात. स्टँडजवळच्या देवळात शिऱ्याचा प्रसाद होता, तो मी कपाळाला लावून खाल्ला. लेकीसाठी मात्र खडीसाखर मागून घेतली. पुजारी म्हणाले, "प्रसादाला काय होतं, बाई?" मलाही आधी तसंच वाटायचं. होतं. देवाच्या रव्यातही गहूच असतो.

तिथून शेअर रिक्षानं गाव. दारात रोहिणी उभी. बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. तिला जवळ घेतलं तर पाठीचे मणके हाताला लागले. विहीणबाईंनी पाणी दिलं, ते घोटभर पिऊन मी सरळ स्वयंपाकघरात गेले आणि डबे उघडायला लागले. आता लिहिताना लाज वाटते.

सगळे डबे दिसले, हिंगाचा नाही. "हिंग कुठाय?" मी विचारलं.

"नाय. हिंगाच्या डबीवर बारीक अक्षरात गव्हाचं पीठ लिवलेलं. बाळ्यानं वाचून दाखवलं, तवापासून आमच्या डाळीला हिंग नाय." बाळ्या म्हणजे आमचे जावई.

हे मला ठाऊकच नव्हतं. तरी मी मागे हटले नाही. "आणि तांदूळ कशावर दळता? गिरणीत गव्हावर टाकला तर सगळं पीठ फुकट."

दुसऱ्या दिवशी सकाळी विहीणबाईंनी दळणाचा डबा डोक्यावर घेतला आणि म्हणाल्या, "चला, तुमीच बघा."

गिरणी नुकतीच उघडली होती. गिरणवाला जात्याचं तोंड फडक्यानं पुसत होता. आम्हाला बघून म्हणाला, "आली का काकी! माज्या गिरणीला सोवळं नेसवलंय हिनं. सुनेचं दळण पयलं, त्याच्याआधी काकीचे साधे तांदूळ टाकून जातं धुवायचं, मग गावाचे गहू. लोकं मला शिव्या घालतात."

"घालू दे," काकी म्हणाल्या. "तुला काय नव्या हायेत त्या?"

जातं धुतलेलं ते पीठ त्या म्हशीला घालतात. म्हणजे दर खेपेला शेर-दोन शेर तांदूळ सुनेसाठी म्हशीच्या पोटात.

दुपारी पानं मांडली. आम्हाला वालाचं बिरडं आणि भात. रोहिणीचं पोट सकाळपासून दुखत होतं, म्हणून तिला वेगळा मऊ भात. विहीणबाईंनी फळीवरून माझी बरणी काढली, दोन चमचे भरून भातावर घातलं, वर तूप सोडलं आणि म्हणाल्या, "तुमच्या हातचं हाय म्हणून घास जातो तिच्या घशाखाली. दुखायला लागलं की मी हेच देते."

रोहिणीनं घास कालवला.

मेतकूट मी हातानं करते, माप पाठ आहे. हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, तांदूळ, मूठभर गहू, मेथ्या, हळद, हिंग. मूठभर गहू. तेवढा भाजून दळायचा, माझ्या आईपासून तसंच. डॉक्टरांनी पोळी बंद सांगितली, पाव बंद सांगितला. मेतकुटाला मी कधी गव्हाचा पदार्थ म्हटलंच नाही. ते औषध होतं ना.

मी तिचं मनगट धरलं. "थांब. खाऊ नकोस. ह्यात गहू आहे."

रोहिणीनं हात ताटातच झटकला. "आई, आठ महिने?"

मी मान हलवली.

विहीणबाईंनी ताट उचलून बाहेर नेलं, हात धुऊन आल्या आणि माझ्यासमोर बसल्या. "चूक कुनाचीबी होते, ताई. पन तुमी शहापूरला तुमच्या चुलत जावंला सांगितलंव, सासू चोरून गहू घालते. ते फिरून माज्या कानावर आलं. आमच्या लग्नकार्यात बाया मला ऐकवत होत्या. तरी मी तुमची बरणी जपून ठेवत होते."

मी त्यांच्या पाया पडायला वाकले. त्यांनी खांदा धरून उठवलं, पण हसल्या नाहीत.

निघताना मी रोहिणीला म्हटलं, "चल, दोन महिने माझ्याकडं राहा." ती पदर सारखा करत म्हणाली, "मी इथंच बरी होईन, आई." ते रागानं म्हणाली असती तर सोपं गेलं असतं. किन्हवलीवरून परत येताना खिडकीची जागा मिळाली, पण बाहेर काय दिसलं ते आठवत नाही.

तर वाचणाऱ्या बायांनो, पोळी आणि पाव सोडणं सोपं आहे. ज्याला आपण खाणं म्हणतच नाही, ते तपासा: मेतकूट, भाजणी, हिंग, विकतची शेव, आजाऱ्याची पेज दाट करायला घातलेला चमचाभर रवा. आणि प्रेमानं पाठवलेला डबा सगळ्यात आधी.

पुढचा रिपोर्ट तीन महिन्यांनी. आतडं सावकाश भरून येतं म्हणतात. तोवर देवापुढे बसते, पण काय मागावं ते सुचत नाही. काल चुलत जावेकडे मुद्दाम गेले आणि सगळं सांगितलं, चूक माझी होती, विहीणबाईंची नव्हे. तिनं चहा ओतला आणि म्हणाली, "तू मनानं चांगली गो, म्हणून अंगावर घेतेस. पण ती बाई काय साधी नाय, सगळ्या गावाला माहीत आहे."

सगळ्या गावाला मीच सांगितलं होतं.