कडूमामांची गोड बिअर

कडूमामांना गोडाचं वावडं होतं. लोक पाडव्याला तोंड वाकडं करून कडुनिंबाचं एखादं पान खातात. मामा बारा महिने रोज सकाळी मूठभर पाला चघळत. चहा बिनसाखरेचा आणि बिनदुधाचा. कारल्याच्या भाजीत मामीनं गुळाचा खडा टाकला की ताट सरकवत. "गोड खाऊ खाऊ माणूस लबाड होते," असं त्यांचं म्हणणं होतं. माझ्या आईचे हे धाकटे भाऊ. खरं नाव लग्नपत्रिकेपुरतं उरलेलं.

अशा माणसाची घरची बिअर दर वेळी गोड व्हावी, याला काय म्हणावं? घाटंजीत त्यांचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. पुढच्या खोलीत विहिरींवरच्या जळक्या मोटारी आणि मागच्या खोलीत पांढऱ्या प्लास्टिकच्या कॅनमध्ये बिअर. जव भिजवून गोणपाटावर मोड आणायचे, वाळवून भरडायचे, गरम पाण्यात मुरवून गाळायचे आणि तो गोड काढा कडूपणासाठी काडेचिराईत टाकून उकळायचा. मग थंड करून पाकिटातलं यीस्ट घालायचं. यीस्टनं साखर खाल्ली की बिअर होते, नाही खाल्ली की सरबत. मामांचं सरबतच होई. हे कायद्यात कितपत बसतं ते त्यांनी कधी विचारलं नाही आणि गावानंही नाही, कारण चढेल असं त्यात काही नव्हतंच.

त्यांनी उपाय कमी केले नाहीत. जव कमी करून पाहिले, यीस्ट दुप्पट केलं, चिराईत वाढवलं, उन्हाळ्यात कॅनला ओलं गोणपाट गुंडाळलं. एकच गोष्ट कधी बदलली नाही. काढा कॅनच्या कडेनं, आवाज न करता ओतायचा आणि कॅन कोपऱ्यात ठेवला की कुणी हात लावायचा नाही. मागचं दार जोरात लागलं तरी मामा पुढून ओरडत. "विरजणाले धक्का लागला का दही बसत नाही. हेही विरजणच व्हय," एवढं त्यांचं शास्त्र.

मी यवतमाळला शाळेत शिकवते. चव घ्यायला रविवारी मलाच बोलावणं येई, कारण मामी वासानंच पळे. मी घोट घेतला की मामा माझ्या तोंडाकडे टक लावून बघत. मी म्हणायची, गोडच आहे मामा. मग ते प्लास्टिकच्या पन्नीत तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटायला घेत.

त्या खर्र्यानंच घात केला. जिभेच्या कडेला फोड आला, बरा होईना. नागपूरला तपासलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, अर्धी जीभ काढावी लागेल. तारीखही दिली. मामी पदर तोंडाला लावून रडत होती. मामांनी जगेन का असं विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "चव राहीन का?" डॉक्टर म्हणाले, नाही असंच धरून चाला.

त्या दिवसापासून मामांना दुसरं काही सुचेना. दुकानाला कुलूप. जीभ जायच्या आत आपल्या हातची, बरोबर झालेली बिअर एकदा तोंडात घ्यायची, एवढा एकच ध्यास. मामी म्हणाली, दुकानातून बाटली आणा अन् हौस फेडा. त्यावर ते चार दिवस तिच्याशी बोलले नाहीत. एकदम तीन कॅन लावले. पहिला गोड. दुसरा गोड. मी इंटरनेटवर शोधून सांगितलं की उकळल्यानं काढ्यातली हवा निघून जाते आणि यीस्टला सुरुवातीला हवा लागते. तळाशी निजलेलं यीस्ट ढवळून उठवावं लागतं. मामा माझ्यावर उखडले. बोलताना लाळ गळत होती. "मास्तरीण झाली म्हणून मले विरजण लावणं शिकवून राह्यली काय?"

शेवटच्या आठवड्यात तिसरा कॅन उघडला. मी घोट घेतला आणि खोटं बोलायचं ठरवूनही मला ते जमलं नाही. मामा उठले, कॅनचं झाकण लावलं, दोन्ही हातांनी तो छातीशी धरला आणि गदागदा हलवायला लागले. शिव्या देत होते, रडत होते, मधेच "मर लेका, मर" म्हणत होते. मामी दारात थिजून उभी. थांबवायची माझी हिंमत झाली नाही. दमल्यावर भिंतीला टेकून बसले. त्या माणसाकडे मला बघवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन आला. "अवं पोरी, हे बुडबुड करून राह्यलं."

नागपूरला निघायच्या सकाळी मी घाटंजीला पोचले तेव्हा गाडी दारात लागली होती आणि मामा मागच्या खोलीत दोन ग्लास धुऊन बसले होते. त्यांनी घोट घेतला. डोळ्यांतून पाणी आलं. मला वाटलं, आनंदानं. पण घोट त्यांनी मोरीत थुंकला. फोड एव्हाना इतका चरला होता की चिराईत लागताच तोंडभर डोंब उठला. पुन्हा घेतला, पुन्हा थुंकला.

"आगच हाये नुसती. चव काहीच नाही." आणि ग्लास माझ्यापुढे केला. "तू सांग."

मी प्यायले. गोडाचा मागमूस नव्हता. आधी भाकरीच्या खरपूस पापुद्र्यासारखी जवाची चव, मग हळूहळू चढत जाणारं कडू, गिळल्यावरही जिभेच्या मुळाशी रेंगाळणारं.

"कडू आहे मामा. बरोबर कडू."

"गोड नाही ना?"

"अजिबात नाही."

"मंग सांग नं नीट," ते म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले. मी सांगत राहिले. बाहेर मामी गाडीतून हाका मारत होती.

ऑपरेशननंतर नाकात नळी आली, बोलणं गेलं. तरी मी रविवारी जाई, कॅन चांगला खळखळून हलवून बिअर लावी आणि तयार झाली की त्यांच्यासमोर बसून एकेक घोट घेत चव सांगे. मी घाईनं आटोपतं घेतलं तर ते माझ्या मनगटावर बोट आपटत, अजून सांग. पोळ्याच्या सुमाराला गेले.

त्यांच्यामागे मी एकदाच बिअर लावली. सुरेख झाली, आजवरची सगळ्यात कडू. पहिला घोट घेतला आणि सवयीनं बोलायला तोंड उघडलं. मग कॅन उचलला आणि सगळी मोरीत ओतून दिली.