नोंदी काढणारे गाडेकर

“गाडेकर गेले,” असं खरेदी विभागातल्या एका जुन्या सहकाऱ्यानं फोनवर सांगितलं तेव्हा मी क्रांती चौकात सिग्नलला अडकले होते. मागचा रिक्षावाला हॉर्नवरचा हात काढत नव्हता. “कुठे गेले? कन्नडला?” मी वैतागूनच विचारलं, कारण त्या शनिवारी माझ्याकडे जेवायला यायचं त्यांनी कबूल केलं होतं, आणि ऐनवेळी गावाकडं निघून जायची त्यांची खोड मला पाठ होती. “तसं नव्हे, मॅडम,” एवढंच पलीकडून आलं, तेव्हा समजलं. दुपारी जेवून पडले ते उठलेच नाहीत... सिग्नल सुटला, गाड्या पुढे गेल्या, आणि मला पहिल्यांदा काय वाटलं असेल तर राग आला. न सांगता जायचं म्हणजे काय!

पाच आठवडे झाले. राग अजून पुरता उतरलेला नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

वाळूजच्या ज्या कारखान्यात मी मनुष्यबळ विभाग सांभाळते, तिथे अंबादास गाडेकर संगणक विभागात होते. कारखान्याचा सगळा कारभार एका मोठ्या सॉफ्टवेअरवर चालतो. कच्चा माल किती आला, कोणत्या यंत्रावर काय तयार झालं, कोण कामावर आलं, कोणता ट्रक कुठे निघाला, सगळं एकाच जागी. आम्ही त्याला नुसतं ‘सिस्टिम’ म्हणतो. नवीन काही त्यात घालणारे पुष्कळ होते. जुनं काढणारे एकटे गाडेकर. मुदत संपलेल्या नोंदी शोधायच्या, ठेवण्यासारख्या असतील त्या दुसरीकडे साठवायच्या, बाकीच्या पुसायच्या आणि मग उरलेल्याची घडी नीट बसवायची, हे त्यांचं दर महिन्याचं काम. कन्नडजवळच्या खेड्यातला, शेतकऱ्याच्या घरातला माणूस. “विहिरीतला गाळ काढल्याबिगर पाणी येतं का मॅडम?” एवढ्या एका वाक्यात त्यांनी मला त्यांची अख्खी नोकरी समजावून सांगितली होती.

पण त्यांची पद्धत! विभागप्रमुखाची सही घेतल्याशिवाय ते एक ओळ पुसत नसत. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात हातात याद्यांचा गठ्ठा घेऊन दारात उभे राहायचे. “हे लागतं का? हे काढू का?” सात वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या एका साहेबांसाठी रोज सकाळी एक अहवाल तयार होत होता, तो बंद करायला त्यांना चार सह्या लागल्या. खरेदीचे साहेब तर काहीच पुसू देत नसत. “असू द्या हो, लागलं तर?” हे त्यांचं ठरलेलं उत्तर. एकदा गाडेकर सगळ्यांसमोर म्हणाले, “लागलं तर म्हणून तुम्ही जेवणाचा डबा पण न धुता ठेवता का, सर?” आम्ही हसलो, साहेब महिनाभर बोलले नाहीत, आणि गाडेकर पुढच्या महिन्यात तीच यादी घेऊन पुन्हा हजर. मी त्यांच्यापासून सुटका करून घ्यायचा सोपा मार्ग शोधला होता. यादी न वाचता सही करायची.

त्यांना हवं होतं ते एकच : महिन्यातून एक दिवस सिस्टिम पूर्ण बंद. चालू गाडीचं इंजिन खोलता येत नाही, असं ते म्हणत. आणि आमचे महाव्यवस्थापक म्हणत, “उत्पादन थांबवू? तुमच्या साफसफाईसाठी?” वर्षभर हे चाललं. शेवटी ऐन माल पाठवायच्या दिवशी सिस्टिम इतकी मंद झाली की गेटपास निघेनात. ट्रकांची रांग फाटकापासून वळणापर्यंत गेली, ड्रायव्हर लोक खाली उतरून चाकांच्या सावलीत बसले. महाव्यवस्थापक साहेब गाडेकरांवर सगळ्यांदेखत ओरडले. गाडेकरांनी आपल्या टेबलाच्या खणातून वर्षभरातल्या विनंतीपत्रांच्या प्रती आणल्या आणि साहेबांच्या टेबलावर ठेवल्या. मला त्यांचाच वैताग आला. अशा वेळी खाली मान घालून ‘सॉरी सर’ म्हणता येत नाही का माणसाला?

सिस्टिमला तो बंद दिवस शेवटी दुष्काळानं मिळवून दिला. लागोपाठची ती कोरडी वर्षं इथल्या कोणालाच विसरता येणार नाहीत. धरणानं तळ गाठलेला, एकीकडे बीड बायपासला टॉवरवर टॉवर उभे राहत होते आणि त्यांच्याच दारात टँकर रिकामे व्हायची वाट बघत बायका हंडे लावून उभ्या. कारखान्यांच्या पाण्यात कपात झाली आणि आम्हाला आठवड्यातले दोन दिवस काम बंद ठेवावं लागलं. सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालेलं, आणि गाडेकर मात्र लग्नघरातल्यासारखे धावपळीत. “लई दिवसांनी सवड मिळाली सिस्टिमला,” म्हणाले. सह्या लागणार म्हणून आम्हा विभागप्रमुखांना त्यांनी बंदच्या दिवशीही बोलावून घेतलं. कँटीन बंद, चहा नाही, प्यायचं पाणी घरून आणायचं. मी कपाळावर आठ्या घालून गेले, पुढ्यातल्या सगळ्या याद्यांवर सह्या ठोकल्या आणि तासाभरात घरी परतले.

पुढच्या बंदच्या दिवशी त्यांनी मला पुन्हा बोलावलं. माझ्या टेबलावर एकच कागद ठेवला.

“ही सही तुमचीच ना, मॅडम?”

“हो.”

“वाचून केली?”

“गाडेकर, तुमच्या याद्या कोणी वाचतं का?”

“म्हणूनच इचारतो.” त्यांनी कागदावर बोट ठेवलं. “बंद झालेल्या कंत्राटदाराची हजेरी. साहेबांनी सांगितलं, कंत्राटी जुनं समदं काढा, जागा अडते. मी पुसायच्या आधी नावं ताडून बघितली. कंत्राटदार बंद झाला, पण बाया त्याच हायेत. नव्या कंत्राटदाराच्या नावावर चढवल्या. ह्या पॅकिंगच्या कांताबाई. अकरा वर्षं येतात. हे पुसलं तर त्या मागच्या वर्षी लागल्या असं दिसंल.”

पॅकिंगमधल्या बायकांचा कायम करून घेण्याचा अर्ज त्याच टेबलाच्या खणात, माझ्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर पडून होता. मला कल्पना नव्हती असं म्हणणं सोपं आहे. खरं हे, की दोन कागद एकमेकांशेजारी ठेवून बघावेत असं मला वाटलंच नव्हतं... आणि बघायचंही नव्हतं.

“तुम्हाला काय करायचंय?” मी चिडून म्हणाले. “यादी आली, सही झाली. तुमचं काम पुसायचं.”

“व्हय, पुसायचंच काम हाय माझं. पण गाळ काढ म्हणलं म्हणून इहीर बुजवायची नाय.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “मी नाय पुसलं, तर उद्या दुसरा कोणी पुसंल. तुमची सही हाय ना त्याच्यावर. ती तुम्हीच काढा.”

त्या रिकाम्या कार्यालयात एकही पंखा चालू नव्हता. मी घामानं भिजलेली, ते समोर उभे, आणि बसा म्हटलं तरी बसेनात. मला मुलीचं कॉलेज आठवलं, साहेबांचा चेहरा आठवला. या माणसाला दुसरं कोणी भेटलं नाही का, असंही मनात आलं. शेवटी मी सही खोडली आणि खाली लिहिलं, ‘या नोंदी काढू नयेत.’ गाडेकरांनी कागद उचलला, मजकूर वाचला आणि म्हणाले, “तारीख राहिली.”

साहेबांनी दुसऱ्याच दिवशी दोघांना बोलावलं. “वर्षभर जागा नाही म्हणून ओरडत होतात ना, गाडेकर?”

“सर, ह्या हजेरीला जागा किती लागते सांगू का? तुमच्या जुन्या मीटिंगांच्या चित्रफितींपेक्षा लई कमी.”

कोणीही हसलं नाही. महिन्याभरात पुण्याहून नवी मंडळी आली. सिस्टिम त्यांच्याकडे गेली, आणि गाडेकरांकडे कारखान्यातल्या प्रिंटरांची देखभाल. निवृत्तीपर्यंतची शेवटची तीन वर्षं या माणसानं कागद अडकला की काढला आणि शाई संपली की भरली. मला मात्र कोणी हात लावला नाही. ‘पाठक मॅडमची नजरचूक सुधारली’ अशी त्याची नोंद झाली. एकदा मी त्यांना विचारलं, वाईट वाटत नाही का? तर म्हणाले, “वाटतं ना. ती पुण्याची पोरं जुने लॉग, त्या रोजच्या बारीक नोंदी, काढतच नायत. सांगून सांगून थकलो.” मला हे विचारायचं नव्हतं, हे त्यांना कळलं होतं की नाही, ते आता कोणाला विचारू?

कामगार कार्यालयात सुनावणी लागली तेव्हा ती हजेरी मागितली गेली. सिस्टिममध्ये होती, म्हणून द्यावी लागली. छापून निघाली ती गाडेकरांनीच दुरुस्त केलेल्या प्रिंटरवर. चौदाजणींपैकी नऊजणी कायम झाल्या. पाचजणींच्या हजेरीत मोठे खंड निघाले आणि त्या राहिल्या. गाडेकरांना त्या नऊजणींचा आनंद कधी झालेला मी पाहिला नाही. ते राहिलेल्या पाचजणींबद्दलच बोलत. “एकीचा खंड बाळंतपणाचा होता मॅडम. ते लिहायला सिस्टिममधी रकानाच नव्हता.”

दहाव्यानंतर मी सिडकोतल्या त्यांच्या घरी गेले. त्यांच्या पत्नी, शोभावहिनी, भिंतीकडे पाठ करून बसल्या होत्या. भिंतीवर खिळा ठोकलेला, त्यावर काहीच नव्हतं.

“बघा ना,” त्या म्हणाल्या. रडून झालं होतं, आता त्या नुसत्या त्रासलेल्या होत्या. “लावायला फोटो नाही. लग्नातला आहे, पण त्यात मुंडावळ्या. बाकी सगळे काढून टाकले ह्या माणसानं. म्हणे मी कशाला हवा, पोरांचे ठेव. अहो, काय करावं!”

मी म्हटलं, कंपनीत त्यांच्या नोंदीत फोटो असेल, उद्या काढून देते. दुसऱ्या दिवशी सिस्टिम उघडली. नाव होतं, हुद्दा होता, रुजू झाल्याची आणि निवृत्तीची तारीख होती. फोटोची चौकट कोरी. निवृत्तीनंतर वर्षभरानं कर्मचाऱ्याचा फोटो आणि बोटांचे ठसे काढून टाकावेत, असा नियम असल्याचं निघालं. नियम त्यांनीच घालून दिलेला, मंजुरी माझी. ती सहीही मी वाचून केली नसणार... कार्यालयात कोणी बघत नाही ना हे पाहून मी डोळे पुसले, आणि मग त्या कोऱ्या चौकटीलाच म्हणाले, “शाबास, गाडेकर.”

ही गोष्ट मी पॅकिंगमध्ये कांताबाईंना सांगितली. त्यांनी पदराला हात पुसले आणि पर्समधून मोबाइल काढला. “माझ्याकडं हाय की! ऑर्डर हातात पडली त्या दिवशी फाटकापाशी काढला होता. ते येत नव्हते. मी दंडाला धरून आणलं.”

नऊ बायका दोन रांगांत, प्रत्येकीच्या हातात कागद आणि सगळ्या हसऱ्या. कडेला गाडेकर, एका हाताला प्रिंटरची शाई लागलेली, कपाळावर आठी आणि तोंड अर्धवट उघडं. त्या क्षणी ते काय म्हणत होते, असं मी विचारलं. कांताबाईंनी सांगितलं, “म्हणत होते, झालं का? मला जाऊ द्या आता.”

त्यातले गाडेकर तेवढे मोठे करून घेतले. कांताबाईंचा हात काढता येईल, असं स्टुडिओवाला म्हणाला. वहिनी नको म्हणाल्या. आता त्या भिंतीवर गाडेकर आहेत, हार घातलेले, त्रासलेले, आणि त्यांच्या दंडावर हिरव्या बांगड्या घातलेला एक हात, घट्ट धरून.