साहेब, जेवले काय?

माझा शाळेतला मित्र गेल्या महिन्यात वारला. तेराव्याच्या पंगतीतही कोणीतरी ती जुनी गोष्ट काढलीच: यानं कापसातली सरकी काढायच्या जिनातल्या गोऱ्या साहेबाला 'जेवले काय?' विचारलं आणि साहेबानं त्याला हाकललं. पंगत हसली. ही गोष्ट मीच गावोगाव पसरवली होती. ती खोटी आहे.

वाशीमच्या त्या जिनात इंग्रजी बोलणारा बाबू हवा होता; मी आणि मित्र दोघंही त्या नोकरीसाठी गेलो. आम्ही मोकळेपणी कसे बोलतो ते पाहायला साहेबानं दोघांना बंगल्यावर चहाला बोलावलं. मी टेनिसच्या जाळीबाहेर उभा राहून गोऱ्यांच्या लकबी उचलल्या होत्या. 'आय से', 'बरं तर' ऐवजी 'राइट हो' ही माझी पुंजी. मित्र शेलूबाजारकडच्या शेतकऱ्याचा. त्याचं इंग्रजी अडखळायचं.

आपल्याकडे कोणालाही विचारतात तसं त्यानं बसल्याबसल्या विचारलं, "सर, हॅव यू ईटन?"

साहेब म्हणाला, खानसामा तापानं पडलाय, सकाळपासून बिस्किटांवर आहे. मित्रानं लगेच विचारलं, घरून भाकरी पाठवू का, तिखट सोसेल का? साहेब हसत सुटला आणि आपल्या आईच्या हातच्या जेवणाचं सांगू लागला. मी एकदा 'आज हवा छान आहे' म्हणालो. कोणी ऐकलं नाही.

परतायच्या वेळी मित्र आमच्या गाडीला बैल जुंपायला गेला तेव्हा मी साहेबाला सांगितलं, आमच्यात वरच्या माणसाला असं विचारणं म्हणजे त्याची टर उडवणं. माझं इंग्रजी सफाईदार होतं. त्याला खरं वाटलं. नोकरी मला मिळाली.

"काहून बे, काय झालं?" मित्रानं विचारलं.

"तू साहेबाले जेवले काय इचारलं ना, म्हून."

"मंग त्यात काय वाईट?"

"इंग्रजीत चालत नाही."

पुढं बाजारात पोरंसोरंही त्याला छेडत, "काय साहेब, जेवले काय?" हळूहळू त्यानं कोणालाच ते विचारणं सोडलं.

दोन वर्षांपूर्वी खरं सांगायचं ठरवून मी भर दुपारी त्याच्या घरी गेलो. त्यानं खाट टाकली, पाणी दिलं, हवापाण्याचं बोलला. आत भाकरी थापल्याचा आवाज येत होता. मी वाट पाहत राहिलो. त्यानं 'जेवला काय?' असं विचारलं नाही. शेवटी खरं न सांगताच म्हणालो, "निघतो."

"राइट हो," तो म्हणाला. अगदी माझ्याच लकबीत.