कारणाचा रकाना

लंडनमध्ये नोकरी करताना मी माझ्या दोन मावश्या आणि एक चुलतसासरे मारले. मावश्या सांगलीत ठणठणीत होत्या. चुलतसासरे मुळात नव्हतेच, त्यामुळे त्यांचं पाप मी धरत नाही. एखाद्या दिवसाची सुट्टी हवी असली की सुपरवायझरपुढे मान खाली घालून उभं राहायचं आणि एक मयत सांगायची. तो "सो सॉरी" म्हणायचा, मी नाक ओढायची. त्या दिवसाचा पगार कापला जायचा, आणि तो कापायलाच हवा असं मला अगदी मनापासून वाटायचं.

दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. मी पन्नाशीकडे झुकले होते, म्हणजे अक्कल यायला हरकत नव्हती. पण आली नव्हती. हाउन्सलोत विमानांसाठी जेवणाचे ट्रे भरायचं एक मोठं किचन होतं, तिथे मी एजन्सीमार्फत लागले होते. डोक्याला जाळी, हातात मोजे, समोर सरकता पट्टा. मुंबईच्या फ्लाइटचे ट्रे आले की माझा हात मंदावायचा. लोणच्याची पुडी कोपऱ्यात ठेवताना मी मनात म्हणायची, जा बाई, तू तरी जा.

आई सांगलीला, भावाकडे होती. दर रविवारी आमचा फोन.

"या उन्हाळ्यात तरी येतेस का गं? कुरडया घालायच्यात, चीक घोटायला हात लागतो."

पुढच्या वर्षी शेजारच्या मुलीचं लग्न निघालं. त्याच्या पुढच्या वर्षी डोळे दाखवायचे होते आणि म्हणे माझ्याशिवाय न्यायला कोणी नव्हतं. भाऊ त्याच खोलीत टीव्ही बघत असायचा, मला त्याचा आवाज ऐकू यायचा.

"अगं आई, इथं माझ्यावाचून चालत नाही," मी म्हणायची. काय तो रुबाब! जणू मी नसते तर हीथ्रोची विमानं उपाशी बसून राहिली असती.

खरं म्हणजे मी घाबरत होते. यांना बसडेपोत रजा मिळायची. हे म्हणायचे, "अगं, विचारून तरी बघ." मी फणकारायची, "अहो, तुमची नोकरी पक्की. माझी एजन्सीची. विचारलं तर म्हणतील, उद्यापासून येऊ नका." असं करत सहा वर्षं मी आईला पाहिलं नव्हतं.

मग पट्ट्यावर माझ्या शेजारी पोलंडहून आलेली एक बाई उभी राहायला लागली. वयाने माझ्याएवढीच. इंग्रजी माझ्याहून मोडकं, पण मान माझ्याहून ताठ. एका जूनमध्ये ती म्हणाली, दोन आठवडे गावी चाललेय.

मी तिचा हात धरला. "अरेरे! कोण गेलं?"

"कोणी नाही. चेरी पिकल्यात."

"पण सुपरवायझरला काय सांगितलंस?"

"चेरी पिकल्यात."

"पगार कापतील गं!"

"कसा कापतील? वर्षाला चार आठवडे भरपगारी. आपल्या एजन्सीवाल्यांनाही. युरोपचा नियम आहे, इथेही लागतो." मग तिने मला नीट न्याहाळलं. "तू इतकी वर्षं काय करत होतीस?"

मावश्या मारत होते, हे इंग्रजीत कसं सांगायचं ते मला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी एजन्सीच्या ऑफिसात गेले. चेहरा पाडूनच गेले, सवयच ती. वाटेत कारण जुळवत होते. नातेवाईक संपत आले होते, आता आईच उरली होती, आणि तिला आजारी पाडायलाही जीभ रेटेना. खिडकीतल्या मुलीने एक फॉर्म पुढे सरकवला. नाव, कधीपासून, कधीपर्यंत, सही. संपलं. मी कागद उलटून पाहिला. मागची बाजू कोरी.

"कारण कुठे लिहायचं?"

"कारण कशाला? तुमची रजा आहे."

मला तिथेच रडू आलं. मग धीर करून विचारलं, "आणि आधीच्या वर्षांची?"

"ती गेली. पुढे नेता येत नाही." मुलगी वाईट नव्हती, आवाज खाली आणून म्हणाली, "तुम्ही कधी मागितलीच नाहीत."

सांगलीत पोचले तेव्हा आईने आधी मला चाचपलं, मग हळूच विचारलं, "कामावरून काढलं का गं?"

मी सगळं समजावलं. ती ऐकत राहिली.

"म्हणजे न जाता पगार? आणि कोणाला फसवायचंही नाही?"

"नाही. कायदाच आहे."

"मग आधी का नाही आलीस?"

"ठाऊक नव्हतं."

लहानपणी मी एकदा परीक्षेचा पेपर उलटायचाच विसरले होते. तेव्हा तिने जसं पाहिलं होतं, तसंच पाहिलं.

कुरडया तर वहिनी कधीच्या विकत आणत होती. डोळ्यांचं ऑपरेशनही होऊन गेलेलं. मी म्हटलं, "मग फोनवर काय थापा मारायचीस?" तर म्हणते, "नुसतं ये म्हटलं असतं तर आली असतीस?"

पहिला आठवडा तिने मला पाहुणीसारखं वागवलं. चांगल्या कपात चहा, बसायला खुर्ची, ताटात दोनदा तूप. मी उठले की म्हणायची, "तू बस, दमली असशील." मला ते बोचत होतं. मी घरची राहिले नव्हते, आणि हे माझं मीच करून घेतलं होतं.

दुसरा आठवडा अर्धा सरला तेव्हा एका दुपारी ती स्वयंपाकघरातून ओरडली, "दुधावर झाकण कोणी ठेवलं नाही? एवढी घोडी झालीस, अजून सांगावं लागतं?" वहिनी दचकली. मी मात्र लोळत पडले होते तशीच पडून राहिले, आणखी बोल, आणखी बोल, असं मनात म्हणत. तेवढं ओरडून घ्यायला मला सलग अकरा दिवस तिथे राहावं लागलं होतं.

त्यानंतर तीन उन्हाळे मी गेले. मग जिच्यासाठी जायचं, ती आईच उरली नाही. आता रजा मागायला नोकरीही नाही, सगळे दिवस माझेच आहेत. पण दूध तापवून ओट्यावर ठेवलं की मी अजूनही झाकण ठेवत नाही. साय धरते, कधी माशी पडते, हे चिडतात. यांचं चिडणं गोड आहे, पण ते तिच्यासारखं नाही. आणि न मागितलेल्या त्या सहा वर्षांत ती मला किती बोलली असती, हे काही केल्या डोक्यातून जात नाही.