मोराच्या पोटातली रेघ

चूक माझीच होती. माझी बायको सुमन रोज गल्लीबोळांतून अशी चालायची, की फोनच्या नकाशावर तिच्या वाटेचं चित्र उमटावं. त्या सकाळी मोर व्हायचा होता. फक्त मान राहिली होती. "रिकामे उद्योग पुरे, पाहुणे आलेत," म्हणत मी तिला स्कूटरवर बसवून घरी आणलं. फोनवर वाटेची नोंद चालूच होती. मोराच्या पोटातून आरपार रेघ गेली.

"मारलात हो माझा मोर," ती हसली. पुन्हा मात्र चित्र काढायला गेली नाही. पुढे अर्धांगवायूने तिचं चालणंच गेलं.

आज गॅलरीतल्या फरशीवर गोगलगायीची चकचकीत वाट दिसली. मी आयुष्यभर कुठेतरी पोचायलाच चाललो. माझ्या चालण्याचं कधी काही उमटलं नाही. तिचं उमटत होतं, तेही मी पुसलं.

तिचा फोन खिशात घालून निघालो. त्यात जपलेली जुनी वाट बघत तिचाच मोर पुन्हा चाललो, पिठाच्या गिरणीपाशी चोच वळवली आणि घरी येऊन फोन तिच्यासमोर धरला.

तिने रेघेवरून मानेपर्यंत बोट फिरवलं. "मान वाकडी आलीय."

"हो," मी म्हणालो. "आणि त्या दिवशीही माझंच चुकलं, सुमन. मला माफ कर."