खाली चेष्टा किया

माझा स्वभाव मुळातच संशयी. बायको म्हणते, हा माणूस कुलूप लावतो आणि मग कुलपावरच संशय घेतो. नव्वदच्या दशकात आखातात, रास अल खैमाला टाइल्सच्या कारखान्यात मी ऑफिस सांभाळत होतो, तिथे हा स्वभाव कामी आला. युरोपियन मॅनेजरच्या केबिनची दुसरी किल्ली माझ्याकडे असायची. आपल्यापैकी आणखी कुणाकडे ती नव्हती, याची मला फार ऐट होती. दिवसभर खिसा चाचपून ती जागेवर आहे ना, हे मी बघत असे.

एक दिवस त्या केबिनमधून मॅनेजरचं घड्याळ गेलं. त्या दिवशी आत इटालियन डिझायनर जाऊन आला होता, मॅनेजरचा एक गोरा मित्र तासभर बसून गेला होता, मीही फाइल ठेवून आलो होतो. पोलिसांकडून बोलावणं आलं ते फक्त पॅकिंगमधल्या मालवणच्या एका गड्याला. हा गावी दशावतारात काम करायचा आणि इथे जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांच्या नकला. त्या दुपारी केबिन उघडी बघून यानं मॅनेजरचा कोट चढवला आणि दारात उभ्या दोस्तांना साहेबाची चाल करून दाखवली. कुणीतरी वर चुगली केली. माझा संशय स्टोअरकीपरवर होता. आजही आहे.

पासपोर्ट कंपनीच्या ताब्यात असत. त्याचा घेऊन मला ठाण्यावर पाठवलं. सोबत कंपनीचा दुभाषी, कोलकात्याचा, अरबीत एकदम तरबेज.

अधिकाऱ्याचा प्रश्न त्यानं हिंदीत केला, "केबिन में क्या किया?"

"साब, मैं खाली चेष्टा किया. और कुछ नहीं."

दुभाष्यानं ते अरबीत सांगितलं. मला त्यात 'हरामी' ऐकू आलं. अरबीत हरामी म्हणजे चोर, एवढं तिथे कुणालाही कळतं. अधिकारी लिहायला लागला.

"दादा, आपने क्या बोला?" मी विचारलं.

"जो उसने बोला, वही. चोरी का चेष्टा किया. मतलब कोशिश."

बंगालीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मला वाटलं, हा माणूस वरून शिकवून पाठवलाय. ही 'कोशिश' कागदावर पक्की झाली असती तर गड्याला तुरुंग, आणि सुटल्यावर थेट विमानात.

"हमारे मराठी में चेष्टा मतलब मजाक," मी म्हणालो.

"अभी आप मतलब बदलते हो?" दुभाषी दुखावला. तो माझ्याकडे संशयानं बघायला लागला, मी त्याच्याकडे.

पण 'मजाक' अधिकाऱ्याला दुभाष्याविना समजलं. तिथल्या बऱ्याच जणांना कामापुरती हिंदी येते. पेन खाली ठेवून तो म्हणाला, "मजाक मालूम. करके दिखाओ."

गडी उठला. मग त्यानं पोट पुढे काढलं, नसलेला चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणला, करंगळी ताठ करून नसलेली कॉफी प्याला. हुबेहूब मॅनेजर. अधिकाऱ्याला हसू फुटलं. त्यासरशी गड्याच्या अंगात बळ आलं आणि त्यानं पुढची नक्कल सुरू केली. एक माणूस चालताना खिसा चाचपतो, दाराची मूठ दोनदा ओढून बघतो, येणाऱ्या-जाणाऱ्याकडे तिरकं पाहतो. सगळे खो-खो हसले. मी पण हसलो, आणि मग मला कळलं तो कोण ते.

अधिकाऱ्याचं हसू थांबलं. "तुम्हारे पास चाबी है?"

"है."

"हिंदी?"

अरबीत हिंदी म्हणजे भारतीय. मी मान डोलावली.

"बैठो."

मी बाकावर त्याच्या शेजारी बसलो. माझाही पासपोर्ट मागवला गेला. मला भयंकर राग आला होता, कुणाचा ते नीट ठरवता येत नव्हतं. तो हळूच म्हणाला, "साहेबांनू, मी तुमचा नाव घेवक नाय." ते खरंच होतं. त्यानं फक्त मला करून दाखवलं होतं.

संध्याकाळी दोघांनाही सोडलं. अधिकारी म्हणाला, "खलास, यल्ला." म्हणजे संपलं, निघा.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरनं हात पुढे करून किल्ली मागितली. "नथिंग पर्सनल," म्हणाला आणि ती इटालियन डिझायनरला दिली. काही दिवसांनी घड्याळ पुन्हा मॅनेजरच्या मनगटावर दिसलं. कुठे सापडलं, कुणी विचारलं नाही. कोण विचारणार?

शुक्रवारी लेबर कॅम्पच्या अंगणात गड्यानं नवीन खेळ लावला. त्यात पोलीस तोच, साहेब तोच. गोऱ्या डिझायनरला अदबीनं विचारायचा, "सर, कॉफी?" पठाण ड्रायव्हर, बंगाली मिस्त्री आणि आम्ही, सगळ्यांना एकच शब्द, "पासपोर्ट!" अंगण डोक्यावर घेतलं लोकांनी. दुभाषीही आला होता, तोही हसत होता. यातलं कोण वर जाऊन सांगणार, म्हणून मी चेहरे न्याहाळत उभा होतो.

शेवटी गडी 'मी' झाला. तिरकं बघत आला, खिसा चाचपला. पुन्हा चाचपला. मग खिसा उलटा करून सगळ्यांना दाखवला, रिकामा. तिथे कुणीच हसलं नाही. माझा हात माझ्या खिशावर होता.