चमच्यांच्या खणातला खोडरबर

आमची ताई एकोणतीस वर्षं शाळेत गणित शिकवते आहे आणि तिच्या तासाला खोडरबराला बंदी आहे. चुकलं तर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी का चुकलं ते लिहायचं. बाजाराच्या यादीत मी काही गिरगटून खोडलं, तरी ती माझी हजेरी घेते.

गेल्या वर्षी तिच्या सातवीत एक मुलगी आली. ताई तिला सुसाट म्हणे. सुसाटने दोन वर्षांचं गणित चार महिन्यांत संपवलं आणि मग ती वर्गात नुसती खिडकीबाहेर बघत बसू लागली. तिला थेट नववीच्या बीजगणिताला बसवा, असा ताईने हट्ट धरला. नववीचे सर म्हणाले, "एकच पेपर देईन. जमलं नाही, तर वर्षभर जुन्याच वर्गात."

ताई तिला दर शनिवारी आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवू लागली. पहिल्याच दिवशी विचारलं, "एका संख्येचा वर्ग तिच्या पाचपट आहे. संख्या कोणती?"

"पाच!"

"आणि?"

"आणि काय? दोन्हीकडे क्षने भागलं की पाचच उरतात."

"आणि क्ष शून्य असला तर? शून्याने भागतेस होय गं?"

पोरीचा चेहरा पडला. तिने हळूच खिशातून खोडरबर काढला. ताईने तो हिसकावून चमच्यांच्या खणात टाकला. "पुसू नकोस. कुठे घसरलीस ते दिसू दे मला."

तीन महिने हेच चाललं. रडारड झाली, वही भिरकावली गेली. एकदा तर "नकोच मला तुमचं बीजगणित" म्हणत सुसाट तरातरा निघून गेली. पुढच्या शनिवारी दहा मिनिटं आधीच दारात हजर.

पेपर झाल्यावर सर स्वतः घरी आले. चेहऱ्यावरून काही कळेना. त्यांनी पेपर टेबलावर ठेवला. "चौथं उदाहरण बघा."

मुलीने दोन्हीकडे क्षने भागलं होतं. ताईने कपाळाला हात लावला. मग तिला त्यावरची आडवी रेघ दिसली. शेजारी बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'क्ष शून्य असू शकतो. घाई केली.' आणि खाली दोन्ही उत्तरं.

"माझ्या चाळीस जणांत स्वतःची चूक अशी कुणी दाखवत नाही," सर म्हणाले. "सोमवारपासून पाठवा."

मला गणितातलं ओ की ठो कळत नाही. पण ताईने चष्मा पुसायच्या निमित्ताने तोंड फिरवलं, तेव्हा माझा ऊर भरून आला. ही माझी बहीण आहे, असं रस्त्यावर जाऊन ओरडावंसं वाटलं.

शनिवारी सुसाट आली, तेव्हा ताईने खणातून खोडरबर काढून तिच्यापुढे धरला. "घे तुझा. आता तू माझ्या वर्गात नाहीस."

सुसाटने तो घेतला, उलटसुलट करून पाहिला, खण उघडला आणि परत चमच्यांमध्ये टाकला.